पहिली आणि दुसरी, एकाच खोलीत

भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यातील ज्या गावात मी शिकवते, तेथील जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली ते चौथी असे चार वर्ग, वापरण्याजोग्या दोन खोल्या, एक व्हरांडा आणि आम्ही दोघे शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, आणि इकडच्या लहान गावांचा पट बहुधा साठच्या पुष्कळ आतच राहतो, त्यामुळे आमच्यासारख्या शाळा विदर्भात जागोजागी आढळतात. तिसरी-चौथी मुख्याध्यापक सरांकडे आणि पहिली-दुसरी माझ्याकडे, अशी आमची वाटणी आहे. नागपूरला राहणाऱ्या नातेवाइकांना शाळेचा पट सांगितला की त्यांना माझ्या नोकरीचा हेवा वाटतो, कारण त्यांच्या मुलांच्या शाळेत तेवढी मुले एकाच तुकडीत बसतात. मुले थोडी असली तरी अभ्यासक्रम दोन आहेत, पुस्तके दोन आहेत आणि तास मात्र एकच आहे, हे त्यांना समजावून सांगणे मी आता सोडून दिले आहे.

येथे मात्र ते सविस्तर लिहिते. एका वर्गाला शिकवणे हा बहुवर्ग अध्यापनातील सोपा भाग असतो. त्याच वेळी दुसरा वर्ग काय करत असेल, हे आदल्या संध्याकाळी ठरवणे यातच बहुतेक कस लागतो. दुसरीला हातच्याची बेरीज समजावून देताना मला पंधरा-वीस मिनिटे सलग हवी असतात, आणि तेवढा वेळ पहिलीच्या सहा वर्षांच्या मुलांच्या हाती असे काहीतरी असावे लागते, की जे करताना त्यांना मला विचारायला यावे लागणार नाही, जे पूर्ण झाले की नाही ते त्यांचे त्यांनाच दिसेल, आणि ज्याचा आवाज फारसा होणार नाही. आमच्याकडे याला सर्वांत उपयोगी पडते ते धान. फरशीवर खडूने मोठे अक्षर काढून द्यायचे आणि मुलांनी त्या रेघेवर धानाचे दाणे एकापुढे एक मांडत जायचे. दाणे बारीक असल्यामुळे घाई करता येत नाही, अक्षराचे वळण बोटांतून जाते आणि अक्षर पुरे झाले, हे मुलाला स्वतःच कळते. काम झाले की दाणे मोजून डब्यात परत ठेवायचे, यात आणखी पाच मिनिटे जातात आणि मोजणीही होते.

याउलट, ‘पुस्तकातल्या पाच ओळी बघून लिहा’ हे काम मी जवळजवळ बंद केले आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ते फार शिस्तीचे दिसते, माना खाली घातलेल्या असतात आणि वह्या भरतात. परंतु पहिलीतील मूल अक्षर न वाचताही त्याचे चित्र हुबेहूब उतरवू शकते, आणि वही सुंदर असूनही वाचता येत नाही, अशी मुले याच कामातून तयार होतात, असे माझे मत आहे. सुवाच्य वह्यांवर भाळणाऱ्या पालकांना हे पटवणे कठीण जाते.

फरशीवरून आठवले. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या, म्हणजे तिथल्या एका शाळागटाच्या, शाळांचे काम पाहून राज्यभरच्या शाळांनी आपल्या फरशा रंगवल्या होत्या. संख्यारेषा, बाराखडीचे तक्ते, घड्याळ, सापशिडी असे सगळे काही जमिनीवर आले. आमच्या फरशीचा तो रंग पावसाळ्यातील चिखलाच्या पायांनी केव्हाच उडून गेला. मुलांनी गोलात बसून एकमेकांशी बोलत शिकायचे, ही बैठक मात्र राहिली, आणि माझ्या दृष्टीने रंगापेक्षा तीच मोलाची होती.

दिवसाची सुरुवात परिपाठाने होते. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष हा क्रम ठरलेला असतो आणि त्यात मुले वाकबगार असतात, कारण ते सारे पाठांतराचे आहे. मला रस असतो तो त्यानंतरच्या बातम्यांत. वर्तमानपत्र गावात उशिरा येते आणि त्यातील बातम्यांशी पहिलीच्या मुलांचा काही संबंधही नसतो, म्हणून आम्ही गावाची बातमी सुरू केली. कोणाच्या गाईला वासरू झाले, कोणाच्या बांधीत रानडुकरे शिरली, बोडीत कोणाला किती मासे मिळाले, असे एखादे वाक्य एका मुलाने सांगायचे आणि मी ते फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहायचे. ‘काल आमच्या गल्लीत पानी आला’ असे एका मुलीने सांगितले की फळ्यावर तसेच उमटते. पहिलीची मुले ते वाक्य लगेच वाचतात, कारण त्यात काय लिहिले आहे ते त्यांना आधीच ठाऊक असते. मग एकेक शब्द झाकून, अदलाबदल करून, ‘पानी’तला ‘नी’ आणखी कशात येतो ते शोधून त्याच वाक्यावर बराच वेळ काम चालते. दुसरीच्या मुलांनी त्याखाली ते वाक्य पुस्तकात कसे लिहिले असते, ते लिहायचे. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातील आमच्या या भागाच्या, बोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ सहसा उच्चारले जात नाहीत, त्यामुळे श्रुतलेखनात हमखास घोळ होतो आणि तो मुलाच्या कानाचा किंवा बुद्धीचा दोष मानून लाल शाईने गिरवला जातो. मी वरचे वाक्य खोडत नाही. दोन्ही वाक्ये शाळा सुटेपर्यंत फळ्यावर राहतात. घरात असे बोलतात आणि पुस्तकात असे लिहितात, हा फरक मुलांना फारसा अवघड वाटत नाही, मोठ्यांनाच तो अपमानास्पद वाटतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

गणितात मराठीची स्वतःची एक अडचण आहे आणि ती केवळ आमच्या गावापुरती नाही. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, म्हणून मूल ५२ लिहिते. एकोणचाळीस म्हटले की शेवटचा चाळीस कानात राहतो आणि पाटीवर ४९ येतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गहजब झाला होता, ते पुष्कळांना आठवत असेल. भाषा बुडाली म्हणून ज्यांनी हळहळ व्यक्त केली, त्यांपैकी किती जणांनी एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत अडकलेले सात वर्षांचे मूल जवळून पाहिले होते, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. मी दोन्ही रीती वापरते. आमच्या मुलांनी धानाच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या बांधताना पाहिलेल्या असतात, म्हणून खराट्याच्या दहा काड्यांची एक जुडी आम्ही करतो. तीन जुड्या आणि नऊ सुट्या काड्या समोर ठेवून आधी ‘तीस आणि नऊ’ म्हणायचे, ३९ लिहायचे, मग आणखी एक काडी आली तर चौथी जुडी होईल, म्हणजे चाळीसला एक कमी आहे, हे पाहायचे, आणि त्यानंतर एकोणचाळीस हे नाव द्यायचे. नाव शेवटी आले की ते टिकते. गावातील म्हाताऱ्या बायका अजूनही विसांनी मोजतात आणि खंडीचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. एका आजीला वर्गात बोलावून चिंचोके मोजायला लावले, तेव्हा तिने विसा-विसाचे ढीग एवढ्या चपळाईने घातले की दुसरीची मुले दहाच्या जुड्या सोडून तिच्याकडे गेली. त्या दिवशी आम्ही विसाचा पाढाच घेतला.

सरांकडच्या चौथीला मोठ्या संख्या लागतात, त्याही गावातूनच मिळतात. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. ही चार अंकी संख्या प्रत्येक घरात बोलली जाते, त्यामुळे तिचे वाचन, विस्तारित रूप आणि तिला दहाने गुणणे मुले तक्रार न करता करतात.

दुपारच्या पोषण आहाराचा शिधा काढणे हाही आमच्याकडे चौथीचाच पाठ आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ असे प्रमाण ठरलेले आहे. हजेरी झाली की चौथीतील दोघे चारही वर्गांची उपस्थिती गोळा करतात आणि फळ्याच्या कोपऱ्यात हिशेब मांडतात. ३७ मुले हजर असली, तर तांदूळ ३ किलो ७०० ग्रॅम आणि डाळ ७४० ग्रॅम. स्वयंपाक करणाऱ्या ताई तो आकडा पाहिल्याशिवाय कोठीचे कुलूप उघडत नाहीत, असा आम्ही दंडक केला आहे, आणि एखादे दिवशी दशांश चिन्हाची गफलत झाली, तर त्या स्वतःच ‘एवढ्या डाळीत अख्खं गाव जेवल’ असे सांगून हिशेब परत पाठवतात. शाळेच्या मागे परसबाग आहे. पावसाळ्यात दोडके, भेंडी आणि अंबाडी, हिवाळ्यात पालक, मेथी आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगून ठेवते. भाजी वाढली की खिचडीची चव सुधारते, आणि वाढण्यापूर्वी चव घेऊन नोंदवहीत सही करण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे त्यात माझाही स्वार्थ आहे.

शाळेचे वेळापत्रक कार्यालयातून येते, पण उपस्थिती धानावर चालते. राज्याच्या इतर भागांत शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि विदर्भात उन्हामुळे त्यानंतर. २०२५ मध्ये तिकडे १६ जूनला आणि इकडे २३ जूनला शाळा सुरू झाल्या. मुले जरा कुठे बसायला शिकतात, तोच रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागते. जुलै-ऑगस्टमध्ये गावातील बहुतेक आया पहाटेच घर आवरून दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात, आणि मागे राहिलेले तान्हे भावंड सांभाळायला दुसरी-तिसरीतील बहीण घरी थांबते. भाऊ सहसा थांबत नाही, हेही नोंदवायला हवे. अशा मुलींना आम्ही भावंडासह शाळेत यायला सांगतो. दोन-तीन वर्षांची ती लेकरे वर्गात फिरतात, खडू खातात, मांडलेल्या काड्या उधळतात, आणि एखादे झोपले की त्याच्या भोवती कुजबुजत शिकावे लागते. तरीही कोऱ्या हजेरीपेक्षा हे बरे. नियमात हे कुठे बसते, ते मी विचारलेले नाही.

श्रावण अमावस्येला पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्या आठवड्यात मुले आपापले लाकडी नंदी शाळेत आणतात. आम्ही त्यांची उंची आधी वितीने आणि मग पट्टीने मोजतो. तुझी वीत आणि माझी वीत सारखी का नाही, यावरून जे भांडण होते, त्यातून सेंटिमीटरची गरज आपोआप पुढे येते.

दिवाळीनंतरचे दिवस मंडईचे, म्हणजे गावच्या जत्रेचे. भाऊबीजेपासून झाडीपट्टीतील गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा दुकाने आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंजच्या नाटक मंडळ्या येतात, पडदा रात्री उशिरा उघडतो आणि पहाटे पडतो, आणि गावात पाहुणे आलेले असताना मुलांना घरी झोपवून ठेवणे कोणाच्याही आवाक्यातले नसते. मंडईच्या दुसऱ्या दिवशी जे वर्गात येतात, तेही पेंगतात. पूर्वी मला याचा राग यायचा. आता त्या दिवसासाठी मी नवा पाठ ठेवतच नाही. त्याऐवजी रात्रीचे नाटक कोणते होते, खलनायकाने नायिकेच्या बापाला काय सुनावले, विनोदी नटाने कोणती फजिती करून घेतली, हे मुले सांगतात. एकदा ऐकलेले संवाद त्यांना आश्चर्य वाटावे इतके पाठ असतात. मी ते कागदाच्या पट्ट्यांवर लिहून देते आणि दुसरीची मुले त्या पट्ट्या हातात घेऊन प्रसंग उभा करतात. पुस्तकातील धडा एका सुरात म्हणणारे मूल येथे प्रश्नचिन्हाला आवाज वर नेते आणि उद्गारचिन्हाला डोळे मोठे करते. विरामचिन्हांचा एवढा चांगला पाठ मला दुसरीकडे मिळालेला नाही. पुढे महिनाभर त्या पट्ट्या वाचनकोपऱ्यात राहतात आणि फाटेपर्यंत वापरल्या जातात.

मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते आणि त्याच वेळी मोहफुले गळू लागतात. फुले पहाटे वेचावी लागतात, नाहीतर जनावरे खातात, त्यामुळे शाळेची पहिली घंटा आणि मोहाची वेळ यांची गाठ पडते. मुले उशिरा येतात आणि त्यांच्या कपड्यांना तो गोडसर वास असतो. यात घराचे मीठ-मिरचीचे पैसे असल्यामुळे मुलांना रागावण्यात अर्थ नसतो, म्हणून आम्ही मोहालाच वर्गात घेतले. अर्धा किलो ओली फुले कोठीतील काट्यावर तोलून सुपात पसरायची, रोज शाळा सुटताना पुन्हा तोलायची आणि तो आकडा दुसरीने तक्त्यावर लिहायचा. वजन रोज घटत जाते आणि फुले वाळेपर्यंत निम्म्याच्याही खाली येते. गेले कुठे, असे विचारल्यावर पहिलीतील एकाने शांतपणे ‘पानी उडला’ असे सांगितले; बाष्पीभवनाची याहून सुटसुटीत व्याख्या मला सुचली नाही. त्याच तक्त्यावर सरांनी तिसरीकडून वजाबाकी आणि चौथीकडून ओल्या-सुक्या फुलांच्या भावाचे उदाहरण करून घेतले.

केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असो, तालुक्याला बैठक असो किंवा कागद नेऊन द्यायचे असोत, सर बाहेर गेले की चारही वर्ग माझ्याकडे येतात. त्या दिवशी सगळ्यांना व्हरांड्यात बसवून मी एकच गोष्ट सांगते आणि तिच्यावर चार कामे देते: पहिलीने चित्र काढायचे, दुसरीने चित्राखाली वाक्ये लिहायची, तिसरीने गोष्टीवर प्रश्न काढायचे आणि चौथीने शेवट बदलायचा. मोठी मुले लहानांचे वाचन घेतात, आणि लहान मुले त्यांच्याकडून माझ्यापेक्षा लवकर शिकतात, ही वस्तुस्थिती आहे. पण बहुवर्ग शाळांचे कौतुक करणारे एक विसरतात. रोज शिकवायला बसवलेल्या चौथीच्या मुलीचा स्वतःचा अभ्यास कोण घेणार? आणि ती बहुधा मुलगीच असते, कारण ती समजूतदार असते, तिला लहान मुले सांभाळायची सवय असते; म्हणजे घरी जे तिच्या वाट्याला येते, तेच शाळेतही येते. म्हणून ही पाळी फिरती ठेवायची आणि खोडकर मुलग्यांनाही तीत धरायचे, असे आम्ही ठरवले आहे. त्यांना पहिलीच्या मुलांपुढे बसवले की ते अनपेक्षितपणे कडक शिक्षक निघतात.

लहान वर्गांच्या वाचन-गणितासाठीचे निपुण भारत अभियान २०२१ च्या जुलैमध्ये सुरू झाले, तेव्हापासून वाचनाची मोजणी मिनिटांत होऊ लागली: दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या अखेरीस किमान ६०, आणि तेही अर्थ समजून. उद्दिष्ट वाईट नाही. तिसरीत येऊनही वाचू न शकणारे मूल निदान कोणाच्या तरी नजरेस पडू लागले. मात्र घड्याळ लावले की मुले अर्थ सोडून धावत सुटतात, त्यामुळे मी वाचून झाल्यावर त्यांना दोन प्रश्न विचारते आणि मगच आकडा लिहिते. माहिती भरण्याची कामे, वेगवेगळी अॅप्स आणि तातडीने मागवलेले अहवाल यांबद्दल लिहायला बसले, तर दुसरा लेख होईल, आणि ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊकच आहे. गावात मोबाइलची रेंज तलावाच्या पाळीवर बरी मिळते, एवढेच नोंदवते.

मी तालुक्याच्या गावाहून दुचाकीने जाते-येते. घरी पोचल्यावर स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, सासूबाईंची औषधे हे सगळ्यांच्या घरी असते तसेच आमच्याकडेही आहे. जेवणे झाली की पंगतीच्या जागीच मी उद्याचे साहित्य मांडून बसते. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंचे शब्दपत्ते फार टिकाऊ होतात, हे कळल्यापासून नात्यातील लोक लग्नसराई संपली की पत्रिकांचे गठ्ठे माझ्याकडे पाठवतात. एका बाजूला गणपती आणि वधू-वरांची नावे, दुसऱ्या बाजूला ‘बैल’, ‘घर’, ‘नदी’. मुले दोन्ही बाजू वाचतात, आणि ‘चि. सौ. कां.’ म्हणजे काय, हा प्रश्न दर वर्षी येतो.

उन्हाळ्याच्या सुटीआधी शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो. अंगणवाडीतून पहिलीत येणारी मुले आयांसह येतात आणि एकेका टेबलावर रंग ओळखणे, वस्तू मोजणे, चित्र पाहून बोलणे, उडी मारणे अशी छोटी कामे करतात; सुटीत घरी काय करून घ्यायचे, ते आयांच्या गटाला समजावून सांगितले जाते. या वेळी त्यांत एक मुलगी आहे, जी रोवणीच्या दिवसांत बहिणीबरोबर सतत माझ्या वर्गात असायची. तिने मोजणीच्या टेबलावर चिंचोक्यांच्या दहा-दहाच्या ढिगाऱ्या घातल्या, शेजारच्या मुलाला त्याचे चुकते आहे ते दाखवले आणि प्रतिज्ञाही म्हणून दाखवली. जूनमध्ये बाकीची पहिली दाणे मांडत असताना हिला काय द्यायचे, ते आता ठरवायचे आहे. दुसरीत सरकवले तर वयाने फार लहान पडेल आणि पहिलीत नुसते बसवले तर चार दिवसांत वर्ग डोक्यावर घेईल. तूर्त तिच्यासाठी पत्रिकांचा एक वेगळा गठ्ठा काढून ठेवला आहे.